घरात अनोळखी माणूस

श्रीरंग मांडवकर सरांनी पडवीत चपला काढल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि त्यांच्या खिशातला फोन बोंबलायला लागला. साधासुधा नाही, गावात दरोडा पडल्यासारखा. सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचलं : ‘सावधान! आपल्या घरात अनोळखी माणूस शिरला आहे. घरातली माणसं घाबरली आहेत.’

“वैदेही!” सरांचा आवाज शाळेच्या मैदानावर माइकशिवाय चालणारा. “कोण आलंय आत?”

आत कोण येणार? स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको ओढणीला हात पुसत उभी होती आणि जेवणाच्या टेबलाशी बारावीतली लेक शर्वरी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती. दोघींनी नुसत्या माना हलवल्या. कोणी नाही. तरी सरांनी न्हाणीघर बघितलं, माळ्यावर बॅटरी मारली, मागीलदारी केळीच्या बुडाशी काठी आपटून पाहिली. चिटपाखरू नव्हतं.

“भिकार यंत्र,” सर म्हणाले. “बसवून एक दिवस झाला नाही तर खोटं बोलायला लागलं.”

दुसऱ्या दिवशी सर शाळेतून आले तेव्हा ते पुन्हा बोंबललं. तिसऱ्याही दिवशी. आणि मग रोजच.

आता हे यंत्र घरात कसं आलं ते सांगायला हवं. देवरुखच्या वेशीबाहेर सरांचं घर. चिऱ्याचं, स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं. चिरा म्हणजे आपला जांभा दगड. हातभर जाडीच्या भिंती, उन्हाळ्यात घर कसं गारेगार. पण फायबरची तार गावात आली आणि त्याच भिंती आडव्या आल्या. पुढच्या खोलीत राउटर बसवला तर मागच्या खोलीत काही पोचेना. शर्वरीचे प्रवेशपरीक्षेचे तास मागच्या खोलीत चालायचे. शिकवणाऱ्याचा चेहरा ऐन गणितात तोंड उघडं टाकून थिजायचा आणि गणित संपल्यावर हलायचा. मग सरांनी मेश मागवलं. तीन पांढरे डबे, आपल्या तिखटमिठाच्या डब्याएवढे. एक पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघराच्या बोळात, एक शर्वरीच्या खोलीत. एकानं नेटवर्क टाकायचं, दुसऱ्यानं झेलायचं, तिसऱ्याकडे द्यायचं. सरांनी कोणाला हात लावू दिला नाही. आठवडाभर स्टुलावर चढउतार करून जागा ठरवल्या आणि घरभर धो-धो नेटवर्क आलं.

ह्या नव्या डब्यांत आणखी एक सोय होती. तिचं नाव ‘राखणदार’. तिचं सरांना भारी कौतुक. दहावीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितलं होतं.

“वायफायच्या लहरी घरभर पसरलेल्या असतात. भिंतीवर आपटतात, परततात. मध्ये माणूस आला की त्याच्यावरही आपटतात, कारण माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. विहिरीच्या पाण्यात बेडूक हलला तरी काठाला तरंग लागतो की नाही? तसंच. तुम्ही चाललात तर मोठा तरंग, हात हलवलात तर लहान, आणि नुसता श्वास घेतलात, छाती दोन-चार मिलिमीटर वरखाली झाली, तरी तेवढा फरक तीन डब्यांना कळतो. कॅमेरा नाही, माइक नाही. तुमचा चेहरा त्याला माहीत नाही, तुमचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. फक्त घरात किती जण आहेत, कुठे आहेत, आणि त्यांचे श्वास कसे चाललेत, एवढं कळतं.”

“मग चोर कसा ओळखतं सर?” कोणीतरी भीतभीत विचारलं होतं.

“हां! तिथंच गंमत आहे,” सर खूश होऊन म्हणाले. “आधी लोकांनी चालीवरून चोर ओळखायचा प्रयत्न केला. फसला. पाहुणासुद्धा अनोळखीच चालतो ना! मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, चोराकडे बघूच नका. घरच्यांकडे बघा. ओळखीचा माणूस आला की घरातली माणसं हलतात, उठतात, बोलतात. चोर आला की थिजतात. श्वास रोखतात. आत येणारा कोण हे घरच्यांच्या श्वासावरून ओळखायचं. काय डोकं आहे बघा!”

तर असं सगळं सरांना ठाऊक होतं. फळ्यावर काढून दाखवण्याइतकं ठाऊक होतं.

डबे सुरू केले त्या संध्याकाळी सरांना हुक्की आली. नारळ मागवला, पुढच्या डब्यासमोर पाटावर ठेवला आणि देवळातल्या गुरवासारखं गाऱ्हाणं घातलं. “हे बा देवा म्हाराजा! आज ह्या मांडवकराच्या घरात हा जो तीन डब्यांचा राखणदार बसवलेला हाय, त्येनं ह्या घराची राखण करावी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मायलेकी हसत म्हणाल्या. कोकणात गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचंच असतं.

“ह्या घरातल्या लेकीबाळीला जो कोण भय दावील, तो घरचा असो नाय तर भायरचा, त्येला तिथल्या तिथं उघडा पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सरांनी नारळ फोडला. पाणी जरा शर्वरीच्या वहीवर उडालं. ती दचकून त्यांच्याकडे बघायला लागली, पण सर त्या दिवशी मजेत होते. काही बोलले नाहीत.

*

रोज संध्याकाळी आपल्याच घरात आपल्याला कोणी चोर म्हणावं, हे मांडवकर सरांसारख्या माणसाला सहन होणार नव्हतं. पण ते विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी एकेक गोष्ट बदलून बघायचं ठरवलं.

पहिला संशय चिऱ्यावर. जांभ्यात लोखंड असतं, त्यानं लहरी उलटसुलट होत असणार. डबे भिंतीपासून लांब हलवले. बोंब. पुढचा डबा फळीवर चढवला. बोंब. स्वतः पुढच्या दाराऐवजी मागीलदारानं आले. बोंब तर झालीच, वर वैदेहीच्या हातून पातेलं सुटलं आणि अख्खी सोलकढी जमिनीवर गेली.

“लक्ष कुठं असतं तुझं?” सर म्हणाले. तेवढंच म्हणाले. फोन आणखी एकदा वाजला.

मग त्यांनी शेजारच्या भिकाजीराव गुरवांना गाठलं. “उद्या संध्याकाळी माझ्याऐवजी तुम्ही आत जा. मी गडग्यापाशी थांबतो.”

“म्हंजे तुमच्या घरात मी चोरासारखा शिरू?” भिकाजीराव म्हणाले.

“शिरा हो. शास्त्रासाठी.”

भिकाजीराव शिरले. सर गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीच्या, बाहेर फोन हातात धरून उभे. फोन गप्प. आतून हसण्याचा आवाज आला, शर्वरी काहीतरी भराभरा सांगत होती, मिक्सर फिरत होता. बऱ्याच वेळानं भिकाजीराव तोंड पुसत बाहेर आले.

“पोहे झकास केलेले वहिनींनी. आणि सर, तुमची शरू नकला काय करते हो! हेडमास्तरांची केली, पोट दुखलं हसून.”

“नकला?” सर म्हणाले. “माझी शरू?”

त्यांना आपली मुलगी नकला करते हे माहीत नव्हतं.

आणखी काही बदलून बघायच्या आधी पोलीसच आले. राखणदाराच्या इशाऱ्यांना महिनाभर कोणी उत्तर दिलं नाही की तो आपसूक ठाण्याला कळवतो, असा नवा नियम झालेला. रविवारी सकाळी फटफटी थांबली, हवालदार संदेश पाथरे उतरला, आणि समोर सर बघून एकदम ताठ झाला. सरांचाच विद्यार्थी.

“स... सर, ते, म्हणजे तक्रार नाहीये, नुसती चौकशी.”

“बस,” सर म्हणाले. “शर्टाचं बटण लाव.”

संदेशनं बटण लावलं. खांद्यावर पट्ट्या, कमरेला पिस्तूल, आणि घामानं कपाळ डबडबलेलं. सरांचा फोन वाजला. संदेशनं फोनकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम पडला. आपलाही श्वास अडकलेला आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. “यंत्राचा दोष असेल सर,” तो घाईनं म्हणाला. “तसं लिहितो मी. पण एकदा त्याच्यात ‘श्वास’ म्हणून पान आहे, ते उघडून बघा.” आणि चहा न घेताच गेला.

श्वासाचं पान! सरांनी ते कधी उघडलं नव्हतं. त्यांना नेटवर्कच्या वेगाचं पान आवडायचं.

पडवीत बसून त्यांनी त्यातलं शुक्रवारचं पान उघडलं. घरातल्या प्रत्येक माणसाची एकेक रेघ, नाव नाही, नुसता रंग. एक निळी रेघ सरांची असणार, कारण ती दिवसभर शाळेच्या वेळात गायब होती. हिरवी स्वयंपाकघरात फिरणारी. केशरी मागच्या खोलीतली. दिवसभर हिरवी आणि केशरी रेघ कशा छान लाटांसारख्या वरखाली चाललेल्या. मध्येच दोन्ही एकदम उसळायच्या. ते हसणं असणार. मग संध्याकाळी निळी रेघ घरात आली, आणि हिरवी-केशरी दोन्ही आडव्या झाल्या. सपाट. फुटपट्टीनं आखल्यासारख्या.

सरांना आधी काय वाटलं असेल? खोटं कशाला सांगा, त्यांना अभिमान वाटला. शाळेच्या लांबलचक ओसरीत त्यांच्या चपलांचा आवाज आला की आठ वर्ग एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणं त्यांना फार प्रिय होतं. याला वचक म्हणतात, असं ते नव्या शिक्षकांना सांगायचे. आणि मी आजवर एका पोराला छडी लावलेली नाही, घरात कधी कोणावर हात उगारलेला नाही, हेही सांगायचे. खरंच होतं ते.

मग त्यांनी पान मागे सरकवलं. ते परीक्षेच्या कामाला रत्नागिरीला मुक्कामी गेले होते ते दिवस. निळी रेघ नाही. हिरवी आणि केशरी संध्याकाळभर पुढच्या खोलीत, एकमेकींच्या शेजारी, उसळत, नाचत. रात्री उशिरापर्यंत. मग रविवार पाहिले. रविवारी सर दिवसभर घरी. दोन्ही रेघा सकाळपासून आखूड, वरवरच्या. केशरी तर घराच्या टोकाला, निळीपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब. निळी रेघ माजघरात आली की केशरी मागे, निळी मागच्या बाजूला गेली की केशरी पुढे. सरांनी आपल्याच घराच्या नकाशावर स्वतःला चालताना पाहिलं, आणि जिथं जिथं ते जात होते तिथून माणसं हळूच उठून जात होती.

आणि एक गोष्ट पाहून त्यांचा हातच थांबला. त्यांची निळी रेघ झोपेच्या लयीत गेली, की त्यानंतर केशरी रेघ एक मोठा, खोल श्वास घ्यायची. रोज. जणू पोरगी संध्याकाळपासून त्याचीच वाट बघत होती.

सरांचे कान तापले. त्यांना एकेक आठवायला लागलं. टेबलावर उघडं असलेलं भौतिकशास्त्राचं पुस्तक. महिनाभर तेच पान, चुंबकाच्या आकृतीचं. ते आले की बंद होणारा मिक्सर. बायकोला आपली किती काळजी, आवाजाचा त्रास नको म्हणून, असं ते समजत होते. आणि गणपतीतली ती संध्याकाळ. शर्वरीचं एका गणितात चिन्ह चुकलं होतं, वजाऐवजी अधिक. आरतीला आलेल्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी शेजारच्या सातवीतल्या मुलाला बोलावलं आणि म्हणाले, “ह्या ताईला जरा अधिक-वजा शिकव रे.” सगळे हसले होते. सरांना वाटलं होतं, काय छान चिमटा काढला. शर्वरीही हसली होती. नंतर तिनं प्रसादाचं ताट फिरवलं ते एकदाही मान वर न करता, हे सरांना आत्ता, पडवीत बसून दिसलं.

त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरून भिकाजीरावांची म्हैस गेली तरी त्यांनी मान वर केली नाही.

*

लाज वाटली तरी सवय कुठे जाते? सरांनी ठरवलं, आता गोड वागायचं. दुसऱ्या दिवशी येताना खाजं आणलं, आलेपाकातलं, शर्वरीला आवडायचं ते. दारातूनच मऊ आवाजात म्हणाले, “शरू बाळा, काय करतेस?”

फोन असा किंचाळला की बस. वैदेही स्वयंपाकघरातून धावत आली. “काय झालं? बरं नाही का वाटत? शाळेत काही...?” शर्वरी खुर्चीतून अर्धी उठून तशीच राहिली, बसावं की उभं राहावं कळेना तिला. सरांनी खाज्याचा पुडा टेबलावर ठेवला आणि खोलीत जाऊन बसले. पुडा दोन दिवस कोणी उघडला नाही.

मग त्यांनी कंपनीला फोन केला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, नागपूरकडचा असावा.

“सर, तुमचा राखणदार ठीक चालून राहिला आहे. तुम्हाला इशारा बंद करायचा असला तर एक सोय आहे. इशाऱ्याखाली प्रश्न येतो बघा, ‘हे या घरात नेहमीचं आहे का?’ तिथं ‘हो’ दाबायचं.”

“की बंद होईल?”

“हो सर. मग ती भीती तुमच्या घराची रोजची स्थिती म्हणून धरल्या जाईल. पण सर, एक सांगते. मग उद्या खरंच कोणी शिरला आणि तुमच्या घरचे तसेच घाबरले, तरी तो गप्प राहील. त्याला वाटेल, नेहमीचंच आहे.”

“आणि ‘नाही’ दाबलं तर?”

“मग तो वाजत राहील सर. भीती जाईपर्यंत.”

सरांनी फोन ठेवला. संध्याकाळ होत आली होती. घरात ते तिघंच. पडद्यावर प्रश्न उभा होता आणि सरांचा अंगठा ‘हो’वर. एकदा दाबलं की झालं. पोलीस नाहीत, बोंब नाही, भिकाजीरावांची चेष्टा नाही. शाळेत कोणाला कळायचं नाही. उद्यापासून सर आपल्या घरात मालकासारखे शिरतील. फक्त पोरीची भीती मोजणारं कोणी उरणार नाही, एवढंच. चोर आला तरी.

अंगठा खाली जाईना. फोन तसाच हातात धरून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. वैदेही तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

“तुझ्या फोनवरही हा प्रश्न येतो?”

“येतो.”

“मग काय दाबतेस?”

वैदेहीनं सूप बाजूला ठेवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, “पहिल्याच दिवशी ‘हो’ दाबणार होते. म्हटलं, कशाला उगाच तुम्हाला राग. पण शरूनं माझा हात धरला.”

“का?”

“म्हणाली, आई, नको दाबू. त्याला तरी कळतंय. कळू दे.”

सर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. सतरा वर्षांच्या लेकीला आपली भीती सांगायला एक तिखटमिठाचा डबा सापडला होता. दुसरं कोणी नव्हतं. आई होती, पण ती स्वतःच तांदळात मान घालून बसलेली. बापाला सांगणार कशी? बापाचीच तर भीती.

“वैदेही,” ते म्हणाले. त्यांच्या हातातला फोन वाजायला लागला. अर्थातच. ते दाराशी उभे होते ना.

त्यांनी बायकोसमोरच ‘नाही’ दाबलं. पडद्यावर पुढचा प्रश्न आला : ‘अनोळखी माणूस घराबाहेर गेला का?’

सर पडवीत आले. चपला घातल्या. अंगण ओलांडून गडग्याबाहेर जाऊन उभे राहिले. फोन थांबला. ‘आपलं घर आता सुरक्षित आहे,’ त्यानं कळवलं. काजूच्या झाडाखाली सर तसेच उभे. आपण घातलेलं गाऱ्हाणं त्यांना आठवलं. घरचा असो नाय तर भायरचा. देवानं किती नीट ऐकलं होतं! त्यांनी तोंड फिरवून रस्त्याकडे केलं, कारण डोळे भरून आले होते आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

थोड्या वेळानं पावलं वाजली. शर्वरी आली होती. गडग्याच्या आतच थांबली, बेड्याला, म्हणजे बांबूच्या फाटकाला, धरून.

“बाबा, आई म्हणते, जेवायला चला.”

राखणदाराच्या लहरी इथपर्यंत पोचत नव्हत्या. फोन मुका होता. पण सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना दिसलं. खांदे किंचित वर ओढलेले, ओठ मिटलेले, छाती जागच्या जागी थांबलेली. हे रोज असंच त्यांच्या समोर उभं होतं, सतरा वर्षं, आणि त्यांनी त्याला शिस्त म्हटलं होतं.

“शरू,” ते म्हणाले. आवाज खाली ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. “एक विचारू? खरं सांग. काय वाटेल ते सांग, मी काही बोलणार नाही. तुला माझी भीती वाटते?”

शर्वरीनं मागे घराकडे पाहिलं. दारात वैदेही उभी होती. शर्वरीची बोटं बांबूवर घट्ट झाली. सरांना वाटलं, ती ‘नाही बाबा’ म्हणेल. म्हणावं असंही त्यांना वाटलं, एवढी लाज पुरे झाली असंही वाटलं.

“हो,” शर्वरी म्हणाली. “खूप.”

सरांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. त्यांच्या वर्गात चूक कबूल करणारी पोरं राहायची तसे.

शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. काही वाईट घडेल म्हणून आणखी जरा थांबली. मग तिचे खांदे खाली आले आणि तिनं एक मोठा, खोल श्वास घेतला. तिचे बाबा जागे असताना. मग फाटक उघडं ठेवून ती आत गेली.

सर मात्र लगेच गेले नाहीत. आतून ताटं मांडल्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेरच उभे राहिले.